प्ररोचना : जुनी आणि नवी

संस्कृत नाटकांत नांदी संपली, कीं सूत्रधार रंगभूमीवर येतो, कवीचें व नाटकाचें नांव सांगतो, प्रयोग कसा अपूर्व आहे तें सुचवितो, आणि समोर बसलेल्या सभेच्या रसिकतेचीहि दोन शब्दांत स्तुति करून घेतो. नाट्यशास्त्रकारांनीं ह्या भागाला 'प्ररोचना' असें नांव दिलें आहे. पाहणाऱ्याच्या मनांत रुचि उत्पन्न करणें हा तिचा हेतु. म्हणजे आजच्या भाषेंत ती जाहिरातच होय. हा शब्द आम्हीं शाळेंत तीस वर्षें मुलांना समजावून दिला. परंतु तीच प्ररोचना वेषांतर करून एके दिवशीं आमच्याच ओटीवर येऊन बसेल, आणि तिला घरांत घ्यावी कीं नाहीं ह्यावरून आठ दिवस वाद माजेल, असें मात्र स्वप्नांतहि वाटलें नव्हतें.

वाचकांस थोडी हकीकत सांगितली पाहिजे. आमचें घर श्रीवर्धनास. दोघां भावांचें एकत्र कुटुंब, मागल्या अंगास सुपारीची वाडी. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ ह्या किनाऱ्यावर आलें, आणि आमच्या आजोबांनीं लावलेल्या पोफळी एका दुपारींत आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठ्याचें नांव मोठें. पण पोफळ लावल्यापासून नीट फळावर येण्यास सहा-सात वर्षें जावीं लागतात. तेव्हां त्या दिवसापासून घरचा जमाखर्च हा आमच्याकडे हलक्या आवाजांत बोलण्याचा विषय होऊन बसला आहे. पडवीचीं उडालेलीं कौलें अद्याप पुरतीं बसलेलीं नाहींत. अर्ध्या भागावर पत्रे आहेत, आणि पावसाळ्यांत त्यांच्या आवाजानें दोन माणसांना एकमेकांचें बोलणें ऐकूं येत नाहीं.

आमच्या पुतण्याचा मुलगा बाळू अलिबागेस कॉलेजांत आहे. वय वीस. मोबाइलवरील व संगणकावरील खेळ खेळावयाचे, खेळतां खेळतां आपल्या इकडच्या बोलींत बोलत राहावयाचें, आणि तें सगळें यूट्यूबवर लोकांस दाखवावयाचें, हा त्याचा उद्योग. साठ-एक हजार माणसें त्याचें चॅनेल धरून आहेत. दुसऱ्याचा खेळ पाहण्यांत काय मौज आहे, हें आमच्या वहिनींना अजून उमगलेलें नाहीं. आम्हांसहि वर्षभर उमगलें नव्हतें. पुढें ध्यानांत आलें कीं, गांवांत पत्त्यांचा डाव बसतो तेव्हां खेळणारे चार असतात आणि त्यांच्या पाठीशीं उभे राहून पानें पाहणारे दहा असतात. त्या दहांचीच ही जात. फक्त ते दहा आतां साठ हजार झाले आहेत.

२०२५ च्या फेब्रुवारींत ह्या मुलाला एका प्रसिद्धि-संस्थेचें पत्र आलें. पैसे लावून खेळावयाच्या एका पत्त्यांच्या खेळाविषयीं त्यानें दहा मिनिटें बोलावें. मोबदला चाळीस हजार रुपये. खालीं अटी होत्या. खेळावयाचे पैसे संस्थाच त्याच्या खात्यांत भरणार होती. पण ते पैसे आपले स्वतःचे आहेत असें त्यानें भासवावयाचें. जिंकलेले डाव दाखवावयाचे, हरलेले गाळावयाचे. 'मी स्वतः गेले दोन महिने खेळतो आहें' हें वाक्य येणें आवश्यक. जाहिरात असल्याचा उल्लेख चित्रावर नको. व्हिडिओखालच्या मजकुराच्या अगदीं शेवटीं एक शब्द असला म्हणजे पुरे.

बाळूनें पत्र लपविलें नाहीं, हें आम्ही त्याच्या बाजूनें नमूद करून ठेवतों. त्यानें तें रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांसमोर वाचून दाखविलें. पुतण्या म्हणाला, "चाळीस हजारांत पडवी होते. सगळे जण करतात, ह्यानेंच काय घोडें मारलें आहे?" आमचे वडील बंधु कांहींच बोलले नाहींत, आणि तें बोलण्याहून वाईट. वहिनी म्हणाल्या, "पत्ते म्हणजे जुगार, आणखी काय?" बाळू आमच्याकडे वळून म्हणाला, "नाना, तुम्ही सांगा." आम्हीं सांगितलें, "जें आम्हांस कळत नाहीं त्यावर मत देणार नाहीं. हा धंदा चालतो कसा तें आधीं मला नीट समजावून दे." त्यानंतरचे आठ दिवस विद्यार्थी आम्ही होतों आणि गुरु तो होता. त्या अध्ययनांतून जें हातीं लागलें तें येथें देत आहों; कारण घरोघरीं आतां असा एखादा बाळू आहे, आणि निदान त्याचे प्रेक्षक तरी आहेतच.

खेळ रचणारी मंडळी एक आणि तो बाजारांत आणणारा प्रकाशक दुसरा, असें पुष्कळदां असतें. ग्रंथकार व पुस्तक-प्रकाशक ह्यांच्यासारखाच संबंध. प्रकाशकाच्या पदरीं, किंवा त्यानें नेमलेल्या निराळ्या संस्थेंत, लोकसंपर्काचें काम करणारीं माणसें असतात. त्यांना ह्या धंद्यांत 'पीआर' म्हणतात. पूर्वीं त्यांचा सारा व्यवहार मासिकांतल्या परीक्षकांशीं असे. मराठी मासिकांकडे पुस्तकाच्या दोन प्रती अभिप्रायार्थ येत, 'साभार पोच' ह्या सदरांत त्यांचीं नांवें लागत, आणि संपादकांस सवड झाली तर परीक्षण छापून येई. तसेंच तें होतें. पण छापील परीक्षणांत खेळ 'वाचावा' लागतो, व्हिडिओंत तो चालतांना दिसतो. घेणाऱ्याला जें पाहावयाचें असतें तेंच तेथें असतें. म्हणून प्रकाशकांनीं आपला मोर्चा हळूहळू व्हिडिओ करणाऱ्यांकडे वळविला.

ह्या प्रसिद्धिकाराचें पहिलें काम याद्या करणें. कोणाच्या चॅनेलला किती लोक आहेत एवढ्यावर तो भुलत नाहीं. प्रत्यक्ष किती जण पाहतात, किती वेळ टिकतात, खालीं काय लिहितात, हा मनुष्य कोडीं सोडवितो कीं लढाया खेळतो, कोणत्या भाषेंत बोलतो, हें सर्व तो पाहतो. कोड्यांच्या खेळासाठीं लढाईवाल्याला पत्र धाडणें म्हणजे कीर्तनाचें आमंत्रण फडावर देण्यासारखें आहे; दोघांचाहि वेळ जातो. पत्र लहान, नांवानिशीं आणि त्या माणसाचे चारदोन व्हिडिओ खरोखर पाहून लिहिलेलें असावें, हें चांगल्या प्रसिद्धिकाराचें लक्षण. बाळूला येणाऱ्या दहा पत्रांपैकीं आठांत त्याच्या चॅनेलचें नांवहि चुकलेलें असतें.

पत्रासोबत खेळाची प्रत येते. प्रत म्हणजे आतां तबकडीहि नाहीं. अक्षरें व आंकडे ह्यांची एक ओळ. तिला कोड म्हणतात. तो संगणकांत भरला कीं खेळ आपला. ह्या सोयीमुळें एक नवीन चौर्यकर्म निघालें आहे. एखाद्या नांवाजलेल्या माणसाच्या पत्त्यासारखा दिसणारा खोटा ई-मेल पत्ता करावयाचा, लहान खेळकर्त्यांकडे फुकट कोड मागावयाचे, आणि ते परस्पर विकून टाकावयाचे. म्हणून जाणता प्रसिद्धिकार आलेल्या पत्राचा पत्ता चॅनेलवर दिलेल्या पत्त्याशीं अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. मोठ्या कंपनीला दहा कोडांची चोरी जाणवत नाहीं. तिघांजणांनीं चार वर्षें खपून केलेल्या खेळाला ती जाणवते.

कोडाबरोबर चित्रें, खेळाची माहिती आणि एक तारीख येते. त्या तारखेपूर्वीं व्हिडिओ प्रसिद्ध करूं नये, असा निर्बंध. ह्याला 'एम्बार्गो' म्हणतात. आम्हांस हें प्रथम लबाडीचें वाटलें. पण परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेचा लखोटा घंटेपूर्वीं फोडावयाचा नाहीं ह्या नियमांत जें तत्त्व आहे तेंच ह्यांत आहे. तारीख नसेल तर जो घाईघाईनें तासभर खेळून बोलेल तो पुढें जाईल, आणि जो आठ दिवस खेळून विचारपूर्वक बोलेल तो मागें राहील. निर्बंध वाईट नव्हे. त्याच्या आड काय दडविलें आहे तें पाहावें. 'सायबरपंक २०७७' हा पोलंडमधील कंपनीचा खेळ १० डिसेंबर २०२० ला बाहेर पडला. तत्पूर्वीं परीक्षकांना फक्त संगणकावरील आवृत्ति दिलेली होती, आणि स्वतः टिपलेलीं दृश्यें दाखविण्यासहि आरंभीं मनाई होती. कंपनीनें दिलेलींच वापरावयाचीं. जुन्या प्लेस्टेशन व एक्सबॉक्स यंत्रांवर तो खेळ कसा चालतो, हें विकत घेणाऱ्यांना पैसे मोजल्यावरच कळलें. तो इतका सदोष निघाला कीं आठवड्याभरांतच सोनी कंपनीनें आपल्या दुकानांतून तो काढून टाकला व घेणाऱ्यांस पैसे परत करण्याचें कबूल केलें.

खेळ बाहेर पडण्यापूर्वीं निवडक मंडळींस बोलावून दाखवावयाचा, ही रीत मात्र परकी नाहीं. दादासाहेब फाळक्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगांवांतल्या कॉरोनेशनमध्यें लावला. पण त्याआधीं २१ एप्रिलला ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरांत शहरांतील प्रतिष्ठित गृहस्थांना व वृत्तपत्रकारांना तो दाखविलेला होता. फाळक्यांना आजचा शब्द ठाऊक नव्हता. काम तेंच होतें.

इथवर सर्व स्वच्छ आहे. फुकट प्रत दिली, परीक्षकानें पाहिली, बरीवाईट जशी वाटली तशी सांगितली. पेंच पडतो तो पैसा आल्यावर. पैसा घेऊन बोलणें हेंहि स्वतः पाप नव्हे. सूत्रधारालाहि बिदागी मिळतच होती. पण सूत्रधार हा सूत्रधाराच्या वेषांत, रंगभूमीवर, सर्वांदेखत उभा राहून स्तुति करतो. त्याचें बोलणें अर्थवाद आहे, म्हणजे स्तुतीचें बोलणें आहे, हें सभेला ठाऊक असतें आणि त्या मानानेंच सभा तें घेते. तोच सूत्रधार जर वेष उतरवून प्रेक्षकांत, तुमच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला, आणि 'वाः! काय नाटक आहे!' असें तुमच्या कानांत पुटपुटूं लागला, तर तिला प्ररोचना म्हणतां येणार नाहीं. तिला आपल्या भाषेंत दुसरा शब्द आहे.

ह्याचें गाजलेलें उदाहरण अमेरिकेंतलें आहे. २०१४ सालीं वॉर्नर ब्रदर्स कंपनीनें 'शॅडो ऑफ मॉर्डर' हा खेळ काढला आणि एका जाहिरात-संस्थेमार्फत अनेक व्हिडिओकर्त्यांना आगाऊ प्रती व पैसे दिले. कोणाला काहींशें डॉलर, कोणाला हजारों. त्यांत प्यूडीपाय ह्या टोपणनांवाचा, त्या काळचा सर्वांत लोकप्रिय यूट्यूबकारहि होता. करारांत अट होती कीं खेळाविषयीं चांगलेंच बोलावें, त्यांतील दोष दाखवूं नयेत. पैसे घेतल्याचा उल्लेख व्हिडिओखालच्या मजकुरांत करावा असें सांगितलेलें होतें; पण तो अशा जागीं, कीं 'आणखी दाखवा' असें दाबल्याखेरीज कोणास दिसूं नये. हे व्हिडिओ पंचावन्न लाखांहून अधिक वेळां पाहिले गेले. तेथील फेडरल ट्रेड कमिशनानें चौकशी केली आणि जुलै २०१६ मध्यें कंपनीला तडजोड करून, पुढें असा पैसा स्पष्टपणें जाहीर करण्याचें बंधन पत्करावें लागलें. बाळूच्या पत्रांतली शेवटची अट आणि ही अट आम्हीं शेजारीं शेजारीं ठेवून वाचली. अकरा वर्षांत आणि दोन खंडांच्या अंतरांत फरक एवढाच कीं भाषा बदलली होती.

पैसे उघडपणें द्यावयाचेहि मार्ग आहेत. 'फोर्टनाइट' ह्या खेळाच्या कंपनीनें २०१८ पासून एक पद्धत चालू केली. खेळांत कांहीं विकत घेतांना गिऱ्हाइकानें आपल्या आवडत्या व्हिडिओकर्त्याचें नांव लिहावें, म्हणजे त्या रकमेच्या शेंकडा पांच त्याला मिळतात. ही दलालीच, पण दलालाचें नांव गिऱ्हाईक स्वतःच्या हातानें लिहितें, म्हणून फसवणूक नाहीं. उलट टोंक पाहावयाचें तर फेब्रुवारी २०१९ मध्यें 'एपेक्स लेजंड्स' हा खेळ आधीं कांहींहि गाजावाजा न करितां एकदम बाहेर आला, आणि पहिल्याच आठवड्यांत अडीच कोटी लोकांनीं तो खेळला. पुढें रॉयटर्स ह्या वृत्तसंस्थेनें बातमी दिली कीं, निंजा ह्या नांवाच्या खेळाडूला तो खेळून दाखविण्याबद्दल सुमारें दहा लक्ष डॉलर दिले गेले होते. आम्हांस ही रक्कम रुपयांत करून पाहण्याचा मोह झाला. मग सोडून दिला. वाडीच्या हिशेबांत तिला जागा नाहीं.

आणखी एक गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. खेळांतील चित्रें, संगीत, सर्व कांहीं प्रकाशकाच्या मालकीचें असतें. व्हिडिओकर्ता तें दाखवितो तें पुष्कळ अंशीं त्याच्या मुभेनें. निंतेंदो ह्या जपानी कंपनीनें २०१५ ते २०१८ पर्यंत आपले खेळ दाखविणाऱ्यांच्या जाहिरात-उत्पन्नांत वांटा घेण्याची योजना चालविली होती. पुढें ती गुंडाळून साधे नियम केले. २०१७ सालीं प्यूडीपायानें थेट प्रक्षेपणांत वर्णद्वेषी शिवी उच्चारली, तेव्हां 'फायरवॉच' ह्या खेळाच्या कर्त्यांनीं आपल्या खेळाचा त्याचा व्हिडिओ स्वामित्वहक्काच्या जोरावर यूट्यूबवरून उतरविला. म्हणजे ज्याच्या दारांत लाखों लोक उभे आहेत असा मनुष्यहि घरमालक नव्हे, बिऱ्हाडकरू आहे.

आपल्याकडे हें बिऱ्हाडकरूपण फार कडक रीतीनें अनुभवास आलें. २ सप्टेंबर २०२० रोजीं सरकारनें एकशें अठरा ॲपवर बंदी घातली, त्यांत पब्जी मोबाइल होता. क्राफ्टन ह्या कोरियन कंपनीनें भारतासाठीं निराळा असा बीजीएमआय हा खेळ २ जुलै २०२१ ला आणला. २८ जुलै २०२२ रोजीं तोहि अडविला गेला. मे २०२३ मध्यें परत आला. मध्यंतरीं ज्यांचा सारा संसार एकाच खेळाच्या व्हिडिओंवर होता त्यांनीं दुसरे खेळ, गप्पा, प्रवास, जें जमेल तें दाखवून दिवस काढले. मुंबईच्या एस-एट-यू-एल ह्या संघानें आधींच नाना प्रकारचे व्हिडिओ करण्याची सवय ठेवलेली होती, आणि २०२२ मध्यें त्याला ह्या क्षेत्रांतला जागतिक पुरस्कारहि मिळाला. एप्रिल २०२४ मध्यें पंतप्रधानांनीं सात खेळाडूंस व व्हिडिओकर्त्यांस भेटीस बोलाविलें, त्यांत ह्या संघाचे नमन माथुर होते, आणि एक कोटीहून अधिक लोकांचें चॅनेल चालविणारे मिथिलेश पाटणकरहि होते. पाटणकर हें आडनांव ऐकून वहिनी किंचित् मऊ झाल्या, हें येथें सांगितलें पाहिजे.

पण आम्हांस अधिक गोडी वाटली ती पुण्याच्या हकीकतींत. नॉडिंग हेड्स ही पुण्याची लहानशी मंडळी. त्यांनीं 'राजी' नांवाचा खेळ रचला. असुरांनीं पळवून नेलेल्या आपल्या धाकट्या भावाला शोधीत निघालेली मुलगी ही नायिका, आणि तिची कथा सांगणारीं श्रोतृपीठावरचीं माणसें कोण, तर दुर्गा आणि विष्णु! भिंतींवर पुराणांतल्या कथा रंगविलेल्या. २०१७ सालीं ह्यांनीं लोकवर्गणी गोळा करण्याचा यत्न केला, तो फसला. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. १८ ऑगस्ट २०२० रोजीं निंतेंदोनें लहान खेळांचा आपला व्हिडिओ-कार्यक्रम केला, त्यांत 'राजी' दाखविला आणि त्याच दिवशीं तो विक्रीस आला. त्या वर्षाच्या द गेम अवॉर्ड्समध्यें पहिल्याच खेळाच्या पारितोषिकासाठीं त्याचें नांव होतें. आम्हीं बाळूच्या संगणकावर हा खेळ तीन रात्रीं पाहिला. उच्चारांविषयीं आमचें कांहीं म्हणणें आहे. पण दशभुजेचें चित्र पाहून वडील बंधु खुर्ची ओढून जवळ बसले.

पुण्याचेच सुपरगेमिंग. त्यांच्या 'इंडस' ह्या खेळासाठीं प्रसिद्ध होण्यापूर्वींच एक कोटीहून अधिक लोकांनीं नांवें नोंदविलीं, आणि तो १६ ऑक्टोबर २०२४ ला आला. त्यांतील बेटाचें नांव वीरलोक. युबिसॉफ्ट ह्या फ्रेंच कंपनीच्या पुणें व मुंबई येथील शाखांची कथा मात्र कडू आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' ह्या जुन्या नामांकित खेळाचें नवें रूप करण्याचें काम त्यांच्याकडे आलें. सप्टेंबर २०२० मध्यें त्याची झलक दाखविली गेली, आणि चित्रें जुनाट दिसतात असा बोभाटा व्हिडिओंतून व प्रतिक्रियांतून इतका झाला कीं, २०२१ च्या जानेवारींत यावयाचा खेळ पुढें ढकलला गेला, आणि २०२२ मध्यें तें काम मॉन्ट्रियलच्या शाखेकडे गेलें. ज्या पोरांनीं दिवसरात्र खपून तें केलें त्यांस काय वाटलें असेल? तथापि ज्यांनीं दोष दाखविला त्यांनीं कोणाचे पैसे खाल्ले नव्हते, एवढें खरें.

आठव्या रात्रीं पुन्हां माजघरांत बैठक बसली. पुतण्या आपल्या मतावर होता, आणि त्याचें म्हणणें अगदींच वावगें नव्हतें. पडवीखालीं झोपतो तो. तेव्हां आम्हीं एक गोष्ट सांगितली, जी आजवर घरांत कोणास सांगितली नव्हती. सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका प्रकाशकानें संस्कृत व्याकरणाचें एक शालेय पुस्तक आमच्याकडे अभिप्रायार्थ पाठविलें. पाठोपाठ तो स्वतः आला, आमच्या विद्वत्तेविषयीं चार गोड शब्द बोलला, आणि जातांना भिंतीवरचें एक घड्याळ ठेवून गेला. आम्हीं पहिलीं वीस पानें चाळलीं आणि चार ओळींचा भरघोस अभिप्राय लिहून दिला. तो आमच्या व शाळेच्या नांवानिशीं वेष्टनावर छापला गेला. पुढें कर्मणि प्रयोगाच्या प्रकरणांत धडधडीत चुका होत्या. आमच्याच वर्गांतल्या एका गरीब मुलानें तें पुस्तक विकत घेतलें, त्यांतलेंच पाठ केलें, आणि आम्हींच त्याचे गुण कापले. तो पुस्तक घेऊन आला, आंतलें पान न उघडतां वेष्टन पुढें केलें, आणि म्हणाला, "सर, आपण लिहिलें होतें म्हणून घेतलें." तें घड्याळ ज्या भिंतीवर होतें त्याखालींच आम्ही त्या रात्रीं बसलेलों होतों. सर्वांनीं एकदम वर पाहिलें.

कायद्याची बाजू आम्हीं तोंवर पाहून ठेवली होती. मुंबईच्या जाहिरात-मानक परिषदेनें, जिला ॲस्की म्हणतात, पैशाच्या खेळांविषयींचे नियम १५ डिसेंबर २०२० पासून लागू केले होते. ह्या खेळांत आर्थिक धोका आहे व त्याचें व्यसन लागूं शकतें, हें जाहिरातींत सांगणें तेव्हां आवश्यक होतें. तो उत्पन्नाचा मार्ग म्हणून दाखवितां येत नव्हता. तिचेच दुसरे नियम १४ जून २०२१ पासूनचे. दोन मिनिटांहून मोठ्या व्हिडिओंत ज्या भागांत त्या मालाविषयीं बोलणें चालू आहे त्या संपूर्ण भागावर 'जाहिरात' अशी खूण दिसली पाहिजे. थेट प्रक्षेपणांत ती आरंभीं व शेवटीं बोलूनहि सांगितली पाहिजे. जानेवारी २०२३ मध्यें केंद्र सरकारच्या ग्राहक-व्यवहार विभागानेंहि पैसा, भेटवस्तु, फुकट प्रवास, असें कांहींहि घेतलें असेल तर तें सोप्या भाषेंत, जाहिरातीच्या आंतच सांगावें असें बजावलें. फसव्या शिफारशीस २०१९ च्या ग्राहक-संरक्षण कायद्याखालीं दहा लक्ष रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो, पुन्हां केल्यास पन्नास लक्षांपर्यंत. हे आंकडे ऐकून पुतण्याचा आवाज थोडा उतरला. तरी निर्णय बाळूनेंच घ्यावा असें ठरलें.

त्यानें नकार दिला नाहीं. त्यानें उलट पत्र लिहून तीन गोष्टी विचारल्या. व्हिडिओभर 'जाहिरात' हा शब्द ठेवूं द्याल काय? हरलेले डावहि दाखवूं काय? आणि पैसे तुमचे आहेत असें सांगूं काय? हें पत्र त्यानें आम्हांस दाखविलें तेव्हां त्यांत शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या आम्हीं काढल्या. तिसऱ्या दिवशीं उत्तर आलें : मोहिमेचा आराखडा बदलला आहे, पुढें कधीं योग आल्यास अवश्य विचार करूं. महिन्याभरानें दुसऱ्या एका मुलाच्या चॅनेलवर बाळूनें आम्हांस एक व्हिडिओ दाखविला. 'मी स्वतः गेले दोन महिने खेळतो आहें' हें वाक्य त्यांत जसेंच्या तसें होतें. तो मुलगा जिंकत होता. खालीं लोकांनीं विचारलें होतें, कीं पैसे कसे भरावयाचे.

पुढें ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांविषयींचा कायदा केला. २२ तारखेस राष्ट्रपतींची संमति मिळाली. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ त्यानें बंद केले, त्यांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लक्षांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या, आणि इतर खेळांना व त्यांच्या स्पर्धांना मान्यता दिली. मोठमोठ्या कंपन्यांनीं आपले पैशाचे खेळ त्याच आठवड्यांत थांबविले. त्या दुसऱ्या मुलाचा व्हिडिओ तेव्हां नाहींसा झाला. ज्यांनीं पैसे भरले होते त्यांचे काय झालें, तें आम्हांस कोणी सांगितलें नाहीं.

दिवाळीच्या सुमारास बाळूला आणखी एक पत्र आलें. दोघां तरुणांनीं केलेला लहानसा कोड्यांचा खेळ. एक कोड, एक तारीख, आणि खालीं लिहिलेलें : 'पैसे देऊं शकत नाहीं. आवडला नाहीं तर तसें सांगावें.' बाळूनें तो चार रात्रीं खेळून पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ केला. कोड फुकट मिळाला आहे ही ओळ आरंभीं मोठ्या अक्षरांत लावली. पहिलीं पांच कोडीं कंटाळवाणीं आहेत असें सांगितलें, आणि सहाव्याला मात्र तो खुर्चींतून उठून उभा राहिला. त्या दोघांनीं आभार मानून लिहिलें कीं, पहिलीं तीन कोडीं आम्हीं काढून टाकलीं.

तो व्हिडिओ वहिनींनीं ओटीवर बसून अखेरपर्यंत पाहिला. सहावें कोडें त्यांनीं बाळूच्या आधीं ओळखलें असें त्यांचें म्हणणें आहे. मग त्यांनीं विचारलें, "ह्याचे किती मिळाले?"

"कांहीं नाहीं, आजी."

"बरें," त्या म्हणाल्या, आणि पंपाची वेळ झाली होती म्हणून वाडीच्या शिंपणाला उठल्या.